मोठ्या माशाची काठी

उखानानांच्या हाती लांब वस्तू द्यायची सोय नव्हती. छत्री असो, केरसुणीचा दांडा असो, बाजारातून आणलेला ऊस असो, ते ती डाव्या हातात बुडाशी धरायचे, दोनदा झटका द्यायचे आणि तिचं टोक किती वेळ थरथरतं ते डोळे बारीक करून बघायचे. मग मान हलायची. "हाई चालाव नही." शाळेतून मी नकाशा दाखवायची छडी एकदा घरी आणली होती, तिचीही तीच परीक्षा झाली आणि तीही नापास झाली. माझा भाऊ नगरहून आला होता तेव्हा त्याच्या नव्याकोऱ्या छत्रीला नानांनी दोन झटके दिले आणि "मऊ शे" म्हणून ती परत कोपऱ्यात ठेवली. भाऊ बिचारा संध्याकाळभर छत्री कुठे मऊ आहे ते चाचपत बसला होता.

साठचं दशक अर्ध्यावर आलं असताना मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला जळगावला आले आणि पिंप्राळ्यात खोली घेतली. पिंप्राळा तेव्हा गावच होतं. माझ्या खोलीला लागून उखानाना आणि सखूअक्का राहत. आमचा ओटा एक. नाना मूळचे धुळ्याकडचे, त्यामुळे त्यांचं बोलणं अस्सल अहिराणी, आणि मी नगरची. पहिले दोन महिने मला त्यांचं अर्धं बोलणं कळत नव्हतं. ते मात्र मला कळेपर्यंत तेच वाक्य त्याच शब्दांत, त्याच आवाजात पुन्हा पुन्हा म्हणत. सोपं करून सांगणं त्यांना मान्य नव्हतं.

नाना कापसाच्या जिनमध्ये फिटर होते. होते म्हणजे, मी येण्याच्या वर्षभर आधीपर्यंत. सरकी काढणाऱ्या यंत्रात अडकलेला कापूस सोडवताना त्यांच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. जिनचे शेठजी भला माणूस. त्यांनी नानांना कामावरून काढलं नाही, फाटकावर चौकीदार म्हणून बसवलं. "उखा, बसून पगार घे," असं ते म्हणाले. जी यंत्रं नानांनी वीस वर्षं उघडून-जोडून चालवली, त्यांचा आवाज आता ते फाटकावरच्या स्टुलावर बसून ऐकत.

"आवाजवरथून समजस, बाई," ते मला एकदा म्हणाले. "तीन नंबरनं बेअरिंग जाई ऱ्हायनं. पन चौकीदारले कोन इचारस?"

एका दुपारी अक्का माझ्या खोलीत आली आणि दार लोटून घेऊन बसली. तिच्या तोंडून मी पहिल्यांदा माशाची गोष्ट ऐकली. हात जायच्या आधी नाना दर रविवारी तापीवर जात. काठी नाही, काही नाही. हाताला दोरी गुंडाळून गळ टाकत. जाळ्यानं धरलेल्या माशाला ते मासा म्हणत नसत. तापीच्या डोहात एक रुंद तोंडाचा, खवले नसलेला, लांब मिशांचा मासा असतो. माणसाच्या कमरेएवढा वाढतो. नाना त्याला मिशावाला म्हणत. त्यांनी असे दोन काढले होते. दोरीनं कापल्याच्या खुणा डाव्या तळहातावर अजून होत्या. आता एका हातानं दोरी पेलवत नाही, म्हणून तापी बंद.

"ते बोलतस नहीत, बाई," अक्का म्हणाली. "जेवतस नि उठतस. तुम्ही त्यासले चक्रीनी काठी मांगाडी द्या. मी माले लुगडं नही लेवाव यंदा."

मी मासे खात नव्हते. गळ कसा असतो तेही मी धड पाहिलं नव्हतं. पण इंग्रजीत पत्र लिहिणं एवढंच तर काम होतं. मी हो म्हटलं. पुढची तीन वर्षं मला त्या होकाराचा राग राग येत राहिला.

संध्याकाळी नाना ओट्यावर आले आणि त्यांनी मागणी सांगितली. ती आधीपासून तयार असावी, कारण एकही शब्द अडखळला नाही. काठी पुरुषभर उंचीची, त्याहून लांब नको, कारण ती एका हातानं पेलायची आहे. टोकाला थोडी मऊ, बुडाला राठ. चक्री अशी की तिच्यावर शंभर हात जाड तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, बसली पाहिजे, कारण मोठा मासा पहिल्या धावेत साठ हात नेतो. चक्रीची मूठ मोठी हवी, अंगठा आणि करंगळीत मावेल अशी. मासा पळताना दोरी सुटली पाहिजे पण मोकाट नाही, म्हणून तिला काहीतरी अडण हवी. आणि हे सगळं मिळून नानांच्या एका पगारात बसलं पाहिजे.

"बठ्ठं लिखं का?" त्यांनी विचारलं.

"लिहिलं."

"मूठनं लिखं का?"

मुंबईच्या एका दुकानाला पत्र गेलं. दीड महिन्यानं माहितीपुस्तक आलं, आणि तिथून माझी फजिती सुरू झाली. मी इंग्रजीची पदवीधर, पण त्या पुस्तकातलं इंग्रजी मला येत नव्हतं. शब्दकोशात 'ड्रॅग' म्हणजे फरफटणे, 'बट' म्हणजे पिंप किंवा ढुशी, 'ॲक्शन' म्हणजे कृती. मी नानांना गंभीरपणे वाचून दाखवलं, "मध्यम कृतीची काठी, पिंपाला बूच लावलेलं." मग त्यांनी पुस्तक माझ्या हातून घेतलं, चित्र उलटंसुलटं धरलं आणि म्हणाले, "बूच हात सटकाले नको म्हनून शे. हाऊ स्क्रू शे ना बाजूले, तो आवळा म्हंजे दोरी जड सुटस. हाई ती अडण." त्यांना इंग्रजी अक्षरही येत नव्हतं. मला फार लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला.

त्या पुस्तकातल्या चांगल्या चांगल्या चक्र्या परदेशी होत्या आणि परदेशी माल बंद होता. त्या पानांवर जांभळा शिक्का होता: उपलब्ध नाही. तरी पुस्तकात छापल्या कशाला, असं मी दुकानाला लिहून विचारलं. उत्तर म्हणून त्यांनी तेच पुस्तक पुन्हा पाठवलं. पहिल्याच पानावर एक अगदी साधी, स्वस्त, देशी चक्री होती: नुसतं पितळी चाक, मधे आस, कडेला बोंडाएवढी मूठ. मी ते पान उलटून टाकलं. मला ते खेळणं वाटलं.

असे पाच-सहा महिने गेले. रोज संध्याकाळी मी शाळेतून दमून यायची आणि नाना ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेले असायचे. ही काठी हिच्याहून चार बोटं लांब का? हिला कड्या पाच आणि तिला सहा, असं का? ही चक्री घेतली तर ती काठी पेलेल का? माझ्या निबंधांच्या वह्या तशाच पडायच्या. एकदा मी म्हणाले, "नाना, कोणतीही एक घ्या ना. मासा काय कड्या मोजतो?"

ते जराही चिडले नाहीत. "मासा मोजत नही, बाई. पन कडी कमी ऱ्हायनी तं काठी एकाच जागे वाकस. नि जठे वाकस तठे तुटस."

मग धुळ्याची काठी निघाली. जंगलखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आपलं सामान विकत आहेत, त्यात एका साहेबाची काठी आणि चक्री आहे, असं नानांच्या साडूनं कळवलं. किंमत आवाक्यात होती. आम्ही एका रविवारी एसटीनं निघालो. नाना, अक्का आणि मी, कारण काठीवर इंग्रजी लिहिलेलं आहे असा निरोप होता. मे महिना होता. पारोळ्याच्या पुढे बस बंद पडली आणि दोन तास आम्ही एका निंबाखाली बसलो. धुळ्यात पोचलो तेव्हा डांबर चपलेला चिकटत होतं.

काठी मात्र बघण्यासारखी होती. बांबूच्या सहा बारीक चिपा जोडून केलेली, मधासारखा रंग, जागोजाग लाल रेशमी दोरा गुंडाळलेला. तिला शोभेशी काळी चक्री. मग नानांनी ती डाव्या हातात घेतली. झटका दिला. पुन्हा दिला. मग काठी कानाशी नेऊन हळूच वाकवली आणि ऐकत उभे राहिले.

"ही मझार बोलस," ते म्हणाले.

मझार म्हणजे आत हे मला तोवर कळत होतं. पण काठी आत बोलते हे चांगलं की वाईट ते मी विचारलं नाही. माझं डोकं ठणकत होतं, परतीची बस चुकत होती, आणि इतक्या महिन्यांचं सगळं माझ्या तोंडाशी आलं. मी म्हणाले, "नाना, बोलू दे तिला. इतकी सुंदर काठी परत मिळायची नाही. घेऊन टाका आता. मला उद्या शाळा आहे."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग काठीकडे पाहिलं.

"तुम्ही म्हनतस तं लेऊत," ते म्हणाले.

पाऊस संपून तापीचं पाणी निवळल्यावर एका रविवारी ते मला मुद्दाम घेऊन गेले. चोपड्याच्या रस्त्यावर पुलाच्या अलीकडे उतरून बरंच चालल्यावर डोह लागतो. नाना दगडावर बसले, गळाला बेडूक लावला (तेवढा वेळ मी पाठ फिरवून उभी होते) आणि डाव्या हातानं दोरी टाकली. साहेबाच्या चक्रीची मूठ बारीक होती, तिच्यावर त्यांनी चिंधी गुंडाळून ती जाड केली होती. दुपारपर्यंत काही झालं नाही. मग काठीचं टोक एकदा खाली गेलं, आणि नाना उठून उभे राहिले.

मी त्यांचा चेहरा तसा कधी पाहिला नव्हता. वर्षभर ओट्यावर वाकून बसलेला माणूस सरळ झाला होता. दोरी पाण्यावर आवाज करत धावत होती. "मोठा शे," ते दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, मोठा शे." दोरी थांबली. त्यांनी काठी उचलली. काठी वाकली, सुंदर वाकली, आणि मग कापड फाटावं तसा आवाज झाला. सहाच्या सहा चिपा मधोमध सुट्या झाल्या. जुना सरस वर्षानुवर्षं माळ्यावर उन्हानं वाळला होता. आत काठी कधीच सुटली होती, वरचा चकचकीत रोगण तेवढा तिला धरून होता. दोरी ताणली आणि तुटली, चक्री दगडावर आपटून वाकली. डोहाच्या मध्यावर पाणी एकदा ढवळलं.

मी रडायला लागले. नाना चिपा गोळा करत होते. एकेक चीप उचलून, पुसून, जुडी बांधून त्यांनी पिशवीत घातली. "मी सांगितलं होतं" असं एकदा म्हणाले असते तर मला पुष्कळ सोपं गेलं असतं. परतीच्या बसमध्ये त्यांनी मला खिडकीची जागा दिली.

घरी आल्यावर मी ठरवलं की आता ही गोष्ट मीच तडीला नेणार. तो माझा राग होता, दुसरं काही नव्हतं. कलकत्त्याच्या एका दुकानाची जाहिरात मासिकात आली होती: मोठ्या माशांसाठी काठी आणि चक्रीची जोडी, एकत्र घेतल्यास सवलत. नाना वाचूनच नाराज होते. "जोडी लावतस ना, तठेच फसाडतस. एक चांगलं ऱ्हास, दुसरं दुकानमा पडेल ऱ्हास." मी ऐकलं नाही. निम्मे पैसे मी घातले आणि व्ही.पी.नं मागवली.

नानांचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. काठी बरी होती, पण एका हाताला जड. चक्री मात्र लहान माशांची, आणि तिची मूठ डाव्या बाजूला. म्हणजे काठी धरायची उजव्या हातात, ज्याला बोटं नाहीत, आणि फिरवायची डाव्यानं. मी पत्र लिहिलं. महिनाभर उत्तर नाही. दुसरं लिहिलं. त्यांचं छापील कार्ड आलं: आपल्या पसंतीबद्दल आभार. तिसऱ्या पत्रात मी जे इंग्रजी लिहिलं ते मला परीक्षेतही जमलं नव्हतं. त्यालाही तेच कार्ड आलं. मी ते फाडत होते तेव्हा नानांनी माझ्या हातून ते घेतलं आणि नीट घडी करून ठेवलं.

"फाडा नको, बाई. त्यासनी कितला सुंदर कागद धाडा."

हसावं की ओरडावं ते मला कळेना. "नाना, तुम्हाला राग कसा येत नाही?"

"येस ना," ते म्हणाले. "पन मन्हा राग फाटकवर बशी बशी संपी जास. घर येवापर्यंत उरत नही."

त्या रात्री ते जेवताना बोलले असं अक्कानं सकाळी सांगितलं. काय बोलले? "म्हने, आते मीच करस."

त्यानंतर मला बाजूला सारून त्यांनी काम हाती घेतलं. मी उलटून टाकलेलं पहिलं पान त्यांनी उघडलं आणि त्या खेळण्यावर करंगळी ठेवली. "हाई मांगाडा. नुसती चक्री. काठी नको." मी तोंड वाकडं केलं, पण लिहिलं. ती चक्री पंधरा दिवसांत आली, सांगितली तीच आली, धडधाकट आली. त्या दिवशी मला चिडायला काही सापडेना.

काठीसाठी ते सातपुड्याच्या पायथ्याच्या बाजारात गेले आणि भरीव बांबूंच्या ढिगातून अकरा बांबू झटकून एक घेऊन आले. तो पाण्यात भिजवला, चुलीवरच्या धुरात महिनाभर टांगला, जवसाचं तेल पाजलं. अक्का खोकून खोकून बेजार झाली. कड्या त्यांनी पोलादी तारेच्या केल्या आणि आतून इतक्या घासल्या की रेशमाचा दोराही अडू नये. चक्रीची बोंडाएवढी मूठ काढून तिथे शिवणाच्या हातमशीनची लाकडी मूठ बसवली. ती अंगठा आणि करंगळीत बरोबर मावली. अडण म्हणून काही बसवलंच नाही. चक्रीच्या कडेला त्यांनी जिनच्या जुन्या पट्ट्याचं कातडं बारीक खिळ्यांनी बसवलं. मासा पळायला लागला की उजवा तळहात त्या कडेवर दाबायचा, जितका जड हवा तितका. मी म्हणाले, "नाना, चाक उलटं फिरताना मूठ बोटांवर आपटेल."

त्यांनी हात माझ्यासमोर धरला. "माले बोटंच नहीत, मंग लागी काय?" आणि हसले. तो हात त्यांनी त्याआधी कधी असा उघड पुढे केला नव्हता. बोलताना तो नेहमी धोतराच्या सोग्याखाली असायचा.

पट्ट्याच्या कातड्यासाठी ते एका जैन व्यापाऱ्याच्या लोखंडी सामानाच्या दुकानात बारीक खिळे आणायला गेले, तेव्हा मी बरोबर होते. व्यापाऱ्यानं खिळे मोजताना सहज विचारलं, कशाला हवेत. नानांनी खरं सांगितलं. त्या गृहस्थानं खिळे परत डब्यात ओतले आणि हात जोडले. "नाना, या कामाला माझ्याकडून नाही." नानांनीही हात जोडले. मी बाहेर येऊन फणफणले, की सांगायची काय गरज होती, चपलेला हवेत म्हणायचं होतं. नाना म्हणाले, "त्यानं खोटं नही बोलना, मी काबर बोलू?" पुढच्या दुकानी खिळे मिळाले, पण त्यासाठी आम्ही भर उन्हात अर्धा बाजार पालथा घातला.

आणि मग जे झालं ते सांगताना मला अजून चीड येते. ज्या रविवारी नाना ती काठी घेऊन तापीवर गेले, त्या रविवारी मी पाचोऱ्याला परीक्षेच्या कामावर होते. तीन वर्षं, इतकी पत्रं, धुळ्याचं ऊन, कलकत्त्याची कार्डं, आणि नेमकं त्या दिवशी मी एका परक्या शाळेत प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे मोजत बसले होते. सोमवारी संध्याकाळी परत आले तो सगळ्या आळीत एकच विषय. मासा एवढा होता, नाही, एवढा होता. दाखवणाऱ्यांचे हात पुरत नव्हते. कापून, वाटून, शिजवून सगळं संपलंही होतं. माझ्यासाठी ठेवण्यात अर्थ नव्हता, मी खात नव्हते. मी बॅग ओट्यावर आपटली आणि नानांना म्हणाले, "एक आठवडा थांबता आलं नसतं?"

"मासा थांबता का?" त्यांनी शांतपणे विचारलं. मग त्यांनी मला सगळं सांगितलं. मासा तीनदा पळाला. तिसऱ्या वेळी त्यांच्या तळहाताखालचं कातडं इतकं तापलं की वास आला. काठी कुठेकुठे वाकली. आणि सोबतीला आलेला भोई जाळं टाकायला निघाला तेव्हा त्याला त्यांनी कसं दटावलं. किती मोठा होता ते मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही. "लोक सांगतस ना," एवढंच म्हणाले.

मंगळवारी सकाळी ते काठी खांद्यावर टाकून जिनला गेले. फाटकावर न थांबता सरळ शेठजींच्या गादीपाशी जाऊन त्यांनी ती समोर ठेवली. हे मला नंतर जिनच्या मुनीमजींनी सांगितलं. शेठजींनी चक्री फिरवून पाहिली, कड्यांवरून बोट फिरवलं. मासा मारायची वस्तू. त्यांनी हात चटकन मागे घेतला. पण मग पुन्हा पुढे केला.

"हे कोणी केलं, उखा?"

नानांनी उजवा हात वर केला.

"आणि आता काय पाहिजे तुला?"

"तीन नंबरनं बेअरिंग जायेल शे, शेठजी. दोन साल व्हयनात. माले उघडू द्या."

शेठजींनी चक्री आणखी एकदा फिरवली. मग त्यांनी मुनीमजींना फाटकावर दुसरा माणूस बघायला सांगितलं.

एवढं होऊन नाना तापीवर जायचे बंद झाले! कापसाच्या हंगामात रविवारीही यंत्रं चालत, हंगाम संपला की ती उघडून दुरुस्तीचं काम निघे. संध्याकाळी ते तेलानं काळे झालेले हात घेऊन यायचे आणि जेवताना अक्काला कोणत्या यंत्राचं काय दुखतं ते सांगायचे. काठी भिंतीला आडवी टांगलेली. मी एकदा वैतागून म्हणाले, "नाना, हिच्यासाठी मी तीन वर्षं इंग्रजी झिजवलं. वर्षातून दोनदा तरी जात जा."

"जासू ना," ते म्हणाले. "सवड भेटनी म्हंजे जासू." त्यांना सवड भेटली नाही, आणि त्यांनी ती शोधलीही नाही.

पुढे माझी बदली धुळ्याला झाली, लग्न झालं, पत्रं कमी झाली. सत्तरचं दशक अर्ध्याच्या वर गेलं होतं, तेव्हा एक पोस्टकार्ड आलं, दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात. ते माझ्या जुन्या पत्त्यावरून फिरून आलं होतं, त्यामुळे मी पिंप्राळ्याला पोचले तेव्हा नानांना जाऊन वीस दिवस झाले होते. त्याचाही मला राग आला. पोस्टाचा, बदलीचा, माझा स्वतःचा.

अक्का शांत होती. तिनं सगळं क्रमानं सांगितलं. छातीत दुखायला लागलं, जिनच्या गाडीतून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या कारकुनानं जुने कागद काढले, हात गेला तेव्हा नाना तिथेच पट्ट्या बदलायला जात असत त्या वेळचे. त्यावरून तो नवा केसपेपर भरायला लागला आणि मोठ्यानं वाचत गेला. नाव. वय. राहणार पिंप्राळा. धंदा चौकीदार.

"त्यासले श्वास घेता ये ना, बाई," अक्का म्हणाली. "मी म्हनू, पह्यले सुई द्या. तं ते हात वर करीसन म्हनतस, थांब. खोड ते. मी फिटर शे. त्या पोऱ्यानं म्हनं, आजोबा, मंग लिखसू. तं म्हने, नही, आतेच लिख. लिखापर्यंत आडवा नही व्हयनात."

ती उठली, फडताळातल्या डब्यातून तिनं तो कागद काढला आणि माझ्या हातात दिला. 'चौकीदार' या शब्दावर तीन आडव्या रेघा होत्या. वर, जागा नसल्यानं जरा तिरकं, पण ठळक अक्षरात, 'फिटर' असं लिहिलं होतं.

"नीट लिखेल शे ना?" अक्कानं विचारलं.

"नीट आहे," मी म्हटलं.